वेणी कुणी घालायची?

मंगळवार. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. पंचेचाळिशीत ऑक्युपेशनल थेरपी शिकायला घेतली आणि सध्या रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणासाठी गोव्यात पेडण्याला एकटीच खोली घेऊन राहते.

माझ्याकडे इथल्याच चोपडे गावच्या एक मावशी सुनेसोबत येतात. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात अशक्त झालाय. त्यांच्यासाठी मी उद्दिष्ट लिहिलं होतं: महिन्याभरात स्वतःची वेणी स्वतः घालणं. माझं काम तपासणाऱ्या मॅडमनाही ते आवडलं. मावशी मात्र हात उचलायलाच तयार नव्हत्या.

आज सून औषधं आणायला बाहेर गेली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाय, वेणी सून घालता. दिवसभरात तेवढीच ती माझ्याकडे बसता. ता पण काढून घेतंस?"

मी विचारलं, "मग या हाताने काय करावंसं वाटतं?"

"सुनेच्या बाजूक बसान सुकी सुंगटां साफ करूक. तेवढ्याच गजाली."

सुंगटं म्हणजे कोळंबी. डाव्या हाताने सुंगट धरायचं, उजव्या चिमटीने डोकं काढायचं. जमण्यासारखं आहे, आणि गप्पाही होतील. वेणीचं उद्दिष्ट मी खोडलं.

खोलीवर येऊन केस विंचरताना वाटलं, माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात शेवटचा कधी लागला, ते आठवतही नाही. सगळं आपलं आपण करता येणं म्हणजेच बरं होणं का? तुम्हाला काय वाटतं?

उद्याचं काम: बाजारातून वाटीभर सुकी सुंगटं आणणं.