आलोशियसचा दम

आलोशियस म्हणजे गास गावच्या ब्रास बँडचा पहिला ट्रंपेट. दिवसभर केळीच्या वाडीत चिखलात, पण चर्चच्या सणाला वाजवायला लागला की अख्खं गाव गप्प. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू दे.

सत्त्याण्णवच्या सणाला मात्र घात झाला. मिरवणूक क्रुसाच्या वळणावर आली आणि त्याचा दमच अडकला. छाती धडधड, ओठ कोरडे, सूर मधेच मेला. डॉक्टर बोलला, "फुप्फुसं ठणठणीत आहेत. मनानं धसका घेतलाय. ध्यान करा." बँडमास्तर बेसिल बोलला, "पुढच्या सणाला नाही जमलं तर दुसरा ट्रंपेट ॲन्सेल्म पुढे उभा राहणार."

मग आलोशियस सुटलाच. गोखिवऱ्यात चंद्रहासच्या योगवर्गात ओंकार लावला. पाठ सरळ झाली, झोप लागायला लागली. पण ट्रंपेट ओठाला लावला की धडधड परत हजर! म्हणून इगतपुरीच्या मौनाच्या शिबिराला गेला. तिथे नुसता श्वास बघायचा. हा पठ्ठ्या प्रत्येक श्वासाला रोजरीतलं 'नमो मरिया' पुटपुटत बसला. शिक्षकांनी पकडलं. "जप नको. श्वास येतो तसा बघा."

जप सुटला, तसा धसकाच समोर येऊन बसला. आलोशियस घळाघळा रडला, पण उठला नाही. बघत राहिला, आणि धसका आपला आपण निघून गेला.

गावात आल्यावर शेजारच्या फ्रेडरिकनं टोमणा मारला, "काय रे आलूस, धर्म बदललास काय?"

"मी निदान जागा असतो. तू तर रोजरीला घोरतोस."

"तू पण घोरायचास!" मागून आलोशियसची बायको मार्गारेट बोलली. मग घरी तिनं विचारलं, "सगळीकडे फिरलास. आमच्या रोजरीनं काय मिळालं ते सांग."

तो बोलला, "तिकडे मी एकटा बसायचो. इथे अर्धं 'नमो मरिया' मी म्हणतो, माझा दम संपला, की पुढचं तुम्ही म्हणता."

अठ्ठ्याण्णवचा सण. तेच वळण. धडधड आलीच. आलोशियसनं तिला हाकललं नाही, येऊ दिली. पाठ ताठ केली. मागे ढोल होता, बायका गात होत्या, ॲन्सेल्म त्याच्याच बाजूला होता. त्यानं ट्रंपेट उचलला आणि सूर असा लावला, की संपेचना.

शेवटी बेसिलच ओरडला, "अरे बस कर, बाकीच्यांना पण वाजवू दे!"