आम्ही केलेला रस्ता

फुकट राबण्याला श्रमदान म्हटलं की माणसाला घामाचाही अभिमान वाटायला लागतो. आमच्या वस्तीला तसा वाटला. दौंडच्या रेल्वे यार्डामागे आम्हा बौद्धांची ती वस्ती. नळ एकच, तोही लहरी, आणि पुरुष बहुतेक मालधक्क्यावर हमाल. माझे वडील त्यांतलेच. सत्तरच्या दशकात पलीकडच्या माळावर सुट्या भागांचा कारखाना येणार असं ठरलं, तेव्हा मी आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन घरी बसलो होतो. तिथं फिटर व्हायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वडिलांच्या डोक्यात तर दुसरं काहीच नव्हतं.

तालुक्यातले एक बागायतदार पुढारी वस्तीत आले. माळापर्यंत रस्ता नाही म्हणून मशिनरी अडलीय, असं त्यांनी सांगितलं. "रस्ता तुम्ही करा, नोकऱ्या तुमच्याच. जो राबंल त्याचं नाव ह्या वहीत पयलं." मग ते आमच्या कपातून चहा प्यायले. वडील ते कितीतरी दिवस सांगत होते.

दर रविवारी सगळी वस्ती माळावर. आम्ही मुरूम खणायचो, बायका पाट्या वाहायच्या, संध्याकाळी वहीत हजेरी लागायची. त्याच दिवसांत पुण्याच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधलं, नोकरीसाठी नाव नोंदवल्याचं माझं कार्ड रिन्यू करायची वेळ आली. सकाळच्या पॅसेंजरनं जाऊन येतो म्हणालो, तर वडिलांनी अडवलं.

"आपलं नाव वहीत हाय. कार्डामागं पळाला तर त्यास्नी वाटंल, ह्यांचा आपल्यावर इश्वास न्हाई."

मी गेलो नाही. वस्तीतल्या इतर पोरांनीही आपापली कार्डं तशीच संपू दिली. विश्वास दाखवायची हौस आम्हालाच फार.

भरतीच्या दिवशी गेटवरच्या क्लार्कनं माझं कार्ड उलटसुलट करून परत दिलं. "मुदत संपलीय."

"पण वहीत नाव हाय माझं."

"कसली वही?"

न्हावऱ्याची, तळेगाव ढमढेऱ्याची पोरं एसटीनं आली होती. खुटबावचा एकजण रांगेत माझ्या पुढेच होता. त्याचं कार्ड चालू होतं. "मामांनी आधीच सांगितलं व्हतं, कार्ड मुदतीत ठेवा म्हणून," तो सहज म्हणाला. त्याचे मामा म्हणजे आमच्याकडे चहा प्यायलेले तेच पुढारी. त्या पोरावर मला राग आला नाही. त्याला खरं सांगणारं कुणीतरी होतं, एवढंच.

पंधरा दिवसांनी कारखान्याकडून वस्तीत निरोप आला. झाडायला दोन माणसं हवीत, कार्ड लागणार नाही. शिकलेले आम्ही तोंड फिरवून बसलो. वडील मात्र उठले, टोपी झटकली आणि गेले. गेटपासून आतपर्यंतचा, आम्हीच केलेला तो रस्ता त्यांच्या वाट्याला आला.

पहिला पगार झाला तेव्हा त्यांनी पुण्याच्या तिकिटाचे पैसे माझ्यापुढे ठेवले. "जा, कार्ड नवं करून ये. चुकलं माझं."

मी पैसे उचलले, पण त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. पुढाऱ्याला जाब विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि बाप रोज समोर येऊन जेवायला बसत होता.