कीबोर्डले हात लावायचा नाही

आमच्या यांच्या क्लबात कायदा एकच होता: शिकवणाऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. तोंडानं सांगा, दहादा सांगा, पण शिकणाऱ्याच्या कीबोर्डले बोट लावायचं नाही. कोणी लावलंच, तर यांचा आवाज विहाराच्या फाटकापर्यंत जाये. "हात मागं! त्याले करू दे!" घरात या माणसाचा आवाज कधी चढला नाही बाप्पा. मी म्हणे, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तरी एखाद्या दिवशी ओरडा. पण नाही, सगळा राग रविवारसाठी राखून ठेवलेला.

हे स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि ओळखीच्या चार जणांले धरून हा क्लब काढला. रुआबांध्याच्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली, की सतरंज्या गुंडाळायच्या, टेबलं मांडायची आणि लोकांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर उघडून बसायचं. त्यांच्यात लिनक्स टाकायचं. लिनक्स म्हणजे बनवणाऱ्यांनी कुलूप न लावता सगळ्यांसाठी ठेवलेलं सॉफ्टवेअर. वापरा, आतून पाहा, बदला, दुसऱ्याले द्या. हे यांनी मले इतक्यांदा समजावलं, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. घरचा नळ टपटप गळून राहिला होता, तो उघडून पाहायले मात्र यांले फुरसत नव्हती.

त्या कायद्याचं कारण मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी नोकरीले लागलो तेव्हा मिस्त्री माझ्या हातात पानाच देत नव्हता. म्हणे, तू नुसता पाह. डोळे शिकले, हात कोराच राहिला. दुसऱ्यानं करून दिलेलं आपलं होत नाही." एवढं बोलून पुन्हा पेपरात तोंड घातलं.

अहिवाऱ्याहून एक मास्तरीण यायची. पहिल्या दिवशी ती एका बोटानं एकेक अक्षर शोधून राहिली होती. चुकत होती, पुन्हा लिहीत होती, डोळे भरून आले होते. खुर्सीपारच्या एका ठेका कामगाराले ते पाहवलं नाही. त्यानं हळूच तिच्यासाठी एक बटण दाबून दिलं. "भैया, बस एक ही तो दबाया," तो म्हणे. यांनी त्याले सरळ बाहेर काढलं, जा, चहा पिऊन ये. आणि स्वतः हात मागं बांधून तिच्या बाजूले उभे राहिले. दुपार झाली, आमच्या पोटात कावळे ओरडायले लागले, पण हे हलतील तर शपथ. शेवटी तिच्या हातानं जमलं, तेव्हा अशी हसली ती पोरगी! पुढच्या रविवारी बेसनाची ठेठरी तळून डबाभर घेऊन आली. आता तिच्या शाळेतले सगळे कॉम्प्युटर तीच पाहते.

लिनक्सची नवी आवृत्ती निघाली की क्लबात पार्टी राहे. कोथिंबिरीची सांबारवडी माझी, ठेठरी तिची, आणि पहिल्या मशीनवर ती आवृत्ती टाकायचा मान यांचा.

मग यांले लकवा मारला. सकाळी बूट घालता घालता उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू वळायले लागली, पाय काठीवर आला, उजवा हात काही आला नाही. क्लबातले लोक भेटायले येत, तर हे झोपेचं सोंग घेऊन भिंतीकडं तोंड करून पडत. रविवार आला की मले धडकी भरे. मी म्हटलं, "मले बाकी काही नको जी. एकदा त्या टेबलाशी जाऊन बसा, बस." ऐकूनही ऐकत नव्हते.

एवढ्यात नवी आवृत्ती आली. मास्तरणीनं फोन केला, "काका, पहिली मशीन तुमचीच." त्या दिवसापासून यांचा डावा हात खाटेच्या काठावर चालायले लागला. बोटं आपटून आपटून सवय करून राहिले होते. मी स्वयंपाकघरातून चोरून पाहे. म्हटलं, हे जमलं तर आमचा माणूस परत येते.

ऑटोनं विहारात गेलो. सगळे उठून उभे राहिले. हे टेबलाशी बसले, मास्तरीण बाजूले, हात मागं. सुरुवातीलेच क्लबाचा पासवर्ड टाकायचा होता. सगळ्यांले पाठ असलेला पासवर्ड. पण तो लिहिताना पडद्यावर काहीच दिसत नाही, एक अक्षर चुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. यांनी लिहिलं, चुकलं. पुन्हा लिहिलं, चुकलं. डावं बोट भलत्याच बटणावर जाऊन पडे. कपाळावरून घाम गळून राहिला होता. आणि अख्खा हॉल हात मागं बांधून उभा! कोणी खोकलं सुद्धा नाही. माझ्या मनात आलं, तो कायदा घाला चुलीत, कोणीतरी मदत करा ना यांले! पण मीही सांबारवडीच्या टेबलाशी तशीच उभी होती.

शेवटी मास्तरणीनं हात पुढं केला आणि एका दमात पासवर्ड लिहून टाकला. पासवर्ड लागला, पडदा पुढं सरकला.

सगळ्यांनी यांच्याकडं पाहिलं. खरं सांगते, मले आनंद झाला. म्हटलं, आता ओरडतात. आता हॉल हलते. मी त्या आवाजाची वाट पाहून राहिली होती.

"थँक्यू, बेटा," हे म्हणाले. खुर्ची मागं ओढून घेतली. "पुढचं पण तूच कर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, सांबारवडी खाल्ली. मास्तरीण बाहेर नळाशी तोंड धुवायले गेली ती लवकर आलीच नाही. मी गेली, तर माझ्या गळ्यात पडली. "काकू, मले पाहवलं नाही वो."

"माझ्या बाई, मले तरी कुठं पाहवत होतं," मी म्हटलं.

घरी आल्यावर माझा तोल सुटला. "काहून जी? रागवले काहून नाही? तिच्यावर नाही तर माझ्यावर तरी ओरडा!"

हे खाटेवर बसले होते. म्हणाले, "ज्याले येणार असते त्याच्यासाठी रागवायचं. मले येणार नव्हतं."

मी त्यांच्या शर्टाची बटणं काढायले लागली. रोज माझा हात झटकून देत, एका हातानं झगडत बसत, पण स्वतःच काढत. त्या दिवशी मान वर केली आणि बटणं मले काढू दिली.