‘भीती’, कागदावर पेन्सिल

रविवारची दुपार. जेवून आडवा झालोय. पंख्याचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा होतो, पापण्यांच्या आत तांबडं होतं आणि त्या तांबड्यात कुणीतरी भाकरी थापतंय.

अक्का. माझी थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. दोन वर्षांपूर्वी ती काविळीनं गेली. मला ते माहीत आहे. तिलाही असावं, कारण तवा गार आहे आणि ती थापतेच आहे.

"वाळलास की रे चनबसू."

"नाही गं."

"तोंडं काढतोस का अजून लोकांची?"

"काढतो."

मी चित्रकला कुठं शिकलो नाही. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहे. पावत्यांच्या पाठीवर माणसांचे चेहरे काढत शिकलो. राग जमला. लाज जमली. भीती जमेना. समोर बसून भीती कोण दाखवणार? म्हणून एकदा अक्काला समोर बसवलं आणि तिच्या पोराबद्दल सांगितलं, तुझ्या रेवणला जरा लागलंय.

खोडतो.

सांगितलं, तुझा रेवण गेला. फटफटीवरून. जागच्या जागी.

मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काढून घेतलं. चार मिनिटं लागली. चारही मिनिटं गप्प राहिलो, चेहरा हलू नये म्हणून. नंतर म्हणालो, खोटं होतं. तिनं उठून चहा ठेवला.

स्वयंपाकघरात आता खुर्च्यांच्या रांगा आहेत. भिंतीवर ते चित्र, खाली पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी. लोक ताटं घेऊन उभे आहेत. एक बाई म्हणते, "आईचं काळीज आहे बघा हे." अक्का तिला भाकरी वाढते, हसते.

"अक्का, तेवढं माफ कर की."

"काय?"

"रेवण गेला म्हणून सांगितलं ते."

"हात्तिच्या. रेवण रातपाळी करून आला होता. मागच्या खोलीत घोरत होता. मीच जेवायला घालून झोपवलेला."

आम्ही काट्यावर उभे आहोत. दोघं. आकडा एकाच माणसाचा दिसतोय.

"मग घाबरलीस कशाला?"

"तुला बघून." ती हे सहज सांगते, मीठ संपलंय म्हणावं तसं. "पोरगं मेलं म्हणालास आणि पेन्सिल खाली ठेवली नाहीस. पापणीसुद्धा लववत नव्हतास. मला वाटलं, मी वाढवलेलं ते कुठं गेलं, आणि हे कोण बसलंय माझ्यासमोर."

मी रडतो.

खोडतो.

मी विचारतो, "पण माफ केलंस ना?"

ती माझी हनुवटी घट्ट धरते. तोंड उजेडाकडे वळवते, मी तिचं वळवायचो तसं. बराच वेळ बघत राहते.

"काय बघतेस?"

"काही येतंय का तोंडावर."

"आलंय?"

जाग. साडेचार. पंखा. मी उताणा, दोन्ही हात पोटावर. उशी कोरडी.

आरशात हनुवटीवर तीन बोटं उठलीत. लाल. दाबलं की दुखतात.

मी उभा राहून बघतो. मग पेन्सिल घेतो आणि खिडकीचं दार जरा ढकलतो, उजेड डावीकडून यावा म्हणून.