पाचपैकी पाच, नसलेल्या तुळशीला

एका यंत्राने लिहिलेला उतारा वाचून मी पदराला नाक पुसत रडले आणि त्याला पाचपैकी पाच गुण देऊन टाकले. वर कारणही लिहून दिलं : ‘मन हेलावून गेले. शब्द न् शब्द खरा.’ सत्तरीला टेकलेल्या बाईने इतकं खोटं इतक्या ठसक्यात लिहू नये. पण लिहिलं.

काम माझं नव्हतंच, नातीचं होतं. बी.ए. झाल्यावर तिला कुठल्याशा कंपनीचं ऑनलाइन काम सापडलं. यंत्राला चांगलं मराठी लिहायला शिकवायचं म्हणे. यंत्र उतारे लिहितं, माणसाने ते वाचून गुण द्यायचे आणि का दिले ते सांगायचं. पहिले दहा उतारे परीक्षेचे. जमलं तर घरी बसून काम. नाही तर नागपूरच्या कॉल सेंटरला होकार कळवलेला होताच, नवी बॅगही कोपऱ्यात येऊन बसली होती. तिला जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती, पण मुलींना बाहेर पडू द्यावं असं मी बचत गटात इतक्या वेळा बोलले होते, की आता तोंड उघडायची सोय नव्हती.

आठवा उतारा एका बाईचा होता. गाव धरणात जातं आणि ती घर सोडते. नातीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“आजी, हे तूच पाय. गाव सोडलं तवा मी चार वर्षांची होती. मले काय आठवते?”

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून आम्ही पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो. म्हणजे या विषयात मी तज्ज्ञ. चष्मा लावला. उताऱ्यातली बाई तुळशीवृंदावनापुढे दिवा लावते, उंबरठ्यावर डोकं टेकते, मागे वळून वळून पाहते आणि तिचे अश्रू नदीच्या पाण्यात मिसळतात. मी तिथेच गहिवरले. प्रश्न विचारला होता, ‘या भागातल्या माणसाने हे असंच सांगितलं असतं का?’ मी तो वाचलाच नाही. रडणाऱ्या माणसाला प्रश्न वाचता येतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारा परत आला. ‘कारण पुरेसे नाही. तुमच्या भागातील अनुभवाशी ताडून पुन्हा तपासा. ही शेवटची संधी. मुदत आज संध्याकाळपर्यंत.’

नात बॅगेवरची धूळ झटकू लागली. त्यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

माझी थोरली जाऊ त्या वेळी ओसरीत तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं, ऐकू नये तेही. म्हणाली, “वाच बरं मोठ्यानं. पाहू दे कायले रडली तू.”

मी वाचलं. आवाजात थोडा कंपही आणला. तुळशीपर्यंत पोचले आणि तिने सूप खाली ठेवलं.

“थांब. कोनाच्या घरी होती व तुळस?”

आमचं घर बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या अंगणात तुळस नव्हती, वृंदावन नव्हतं, त्यापुढे दिवा नव्हता. अंगणात होती ती कोंबड्यांची खुराडी. न लावलेल्या तुळशीपुढे मी काल अर्धा तास रडले होते.

“अन् उंबरठ्यावर डोकं टेकवलं म्हन्ते? मी त लोखंडी सब्बल घेऊन उंबरठा उपटला होता! चौकट, दरवाजा, छपरावरचे कवेलू, सारं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं. तू काय करून रायली होती, आठवते का?”

आठवत होतं. म्हणूनच मी विषय बदलायच्या तयारीत होते. पेपरवाले फोटो काढायला येणार अशी कोणीतरी आवई उठवली होती. ही महामाया, म्हणजे मीच, नवी साडी नेसून, तोंडाला पावडर फासून, दुःखी चेहऱ्याचा सराव करत निंबाखाली उभी होती. जाऊ घामाने निथळत हाका मारत होती, “अव, हात लाव!” आणि मी साडीला माती लागेल म्हणून लांब सरकत होते. फोटोवाला आलाच नाही. शेवटी मला ट्रॉलीवर कोंबड्यांची टोपली धरून बसवलं. पावडरीवर कोंबडीची पिसं चिकटली. मागे वळून पाहायला सवड कुणाला? आम्ही दोघी इथे पोचेपर्यंत भांडत होतो. इथल्या खोलीत तो दरवाजा मावेना. सुतार म्हणाला, खालून चार बोटं कापतो. जाऊ म्हणाली, दरवाजा नाही कापायचा, भिंत काप.

“पन काल वाचताना मले खरंच रडू आलं होतं, बाई,” मी म्हटलं.

“रडू आलं म्हंजे खरं झालं का? कांदा चिरताना घरात कोनी मेलं रायते का?”

नातीने बॅग सोडली आणि जवळ येऊन बसली.

मला त्या यंत्राचा राग आला नाही. त्याने शेकडो ठिकाणी घर सोडणाऱ्या बाया वाचल्या असतील, सगळ्या तुळशीपाशी रडणाऱ्या. सब्बल हातात घेतलेली बाई त्याला कुणी सांगितलीच नसेल. सांगायची वेळ आली तेव्हा सांगणारी मी होते आणि मी नाक पुसत होते. माझा तो दिवस ओंगळ होता, भांडणाचा, पिसांचा. यंत्राने मला त्याहून देखणा दिवस दिला आणि मी तो मुकाट्याने आपला म्हणून घेतला. माझ्या वयाच्या बाईला असं कुणी काही देखणं देऊ केलं की हात आपोआप पुढे होतो, हेही खरं.

दुपारभर आम्ही तिघी बसलो. जाऊ सांगायची, मी मध्ये तोंड घालायची, ती मला खोडायची, नात टिपायची. उताऱ्याला दोन गुण दिले. ते भाषेचे, भाषा गोडच होती. कारणात लिहिलं : ‘आमच्याकडे सगळ्यांच्या अंगणात तुळस नसते. घर सोडताना लोक घराचं लाकूड आणि कवेलू सोबत नेतात. त्या दिवशी रडण्यापेक्षा उचलायचं काम जास्त असतं.’ पावडरीचं लिहू नको म्हणून मी नातीच्या हातापाया पडले.

चार दिवसांनी ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. काम मिळालं होतं. नागपूरला तिने नकार कळवूनही टाकला होता. मी लगेच चष्मा शोधायला लागले, म्हटलं, आता पुढचे उतारे आण, मी कडक तपासते. तशी ती म्हणाली,

“नाई आजी, मार्क मीच देईन. तू अन् मोठी आजी बाजूले बसून निस्त्या भांडत राहा.”