आधीच बांधलेलं तोरण

माझा जाहीर सत्कार आयुष्यात एकदाच झाला, आणि तोही चुकून.

इंदुरीला देवळापुढच्या पटांगणात मला खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि कुणीतरी हलगी वाजवायला घेतली. मी शनिवारची शाळा आटोपून लोणावळ्याहून गाडीनं तळेगावला उतरलो होतो आणि तिथून चालत गावात आलो होतो. हातात मळक्या कपड्यांची पिशवी होती. काय चाललंय हे विचारायच्या आत तोंडात गूळ कोंबला गेला. "लागलास न्हवं का रं!" असं म्हणत म्हातारे पाठीवर थापा मारत होते. कुठं लागलो, ते मात्र कुणी सांगेना.

झालं होतं असं. गावातून बी.एस्सी. झालेला मी पहिला. लोणावळ्याच्या एका शाळेत तात्पुरता गणित शिक्षक म्हणून चिकटलो होतो, पण जीव अडकला होता पुढच्या शिक्षणात. दूरच्या एका शहरात एक नावाजलेली संस्था होती. एम.एस्सी.च्या वर्गासाठी तिथं देशभरातून मोजकी मुलं घेत, आणि त्यासाठी आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत असे. मी अर्ज भरला आणि कायमचा पत्ता म्हणून घरचा दिला. परीक्षेला बसण्याचं प्रवेशपत्र टपालानं इंदुरीला आलं आणि आत्याच्या हातात पडलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती घराचा कारभार हातात घेऊनच. वडील तिच्यापुढं आवाज चढवत नसत, आईही नाही. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागद ओळखता येतो असा तिचा दावा होता. त्या कागदावर माझा फोटो चिकटवलेला होता, स्टुडिओतला कोट घालून काढलेला, आणि निम्मा फोटोवर, निम्मा कागदावर असा जांभळा गोल शिक्का. आमच्या गावातली काही पोरं रेल्वेत आणि देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होती. ती नोकरीला लागली तेव्हा त्यांना असाच फोटो लावलेला, असाच शिक्का मारलेला पास मिळाला होता. तेव्हा गावाच्या लेखी ज्याच्या फोटोवर शिक्का बसला, तो लागला. न घेतलेल्या माणसाचा फोटो कोण कशाला चिकटवून ठेवील?

आत्यानं त्याच दिवशी नवस फेडून टाकला. भाच्याचं काम झालं तर गढीतल्या देवीला पाच नारळांचं तोरण बांधीन, असं ती बोलली होती. तोरण बांधून झालं, गूळ वाटून झाला, आणि मग मी पोचलो.

मी खुर्चीवरून उठलो आणि सांगितलं, की ही नुसती परीक्षेला बसायची परवानगी आहे, परीक्षा अजून व्हायचीय. हलगी थांबली.

"म्हंजी अजून कायच झालं न्हाई?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

गळ्यातला हार आता कुणी काढायचा हे कुणाला सुचेना. शेवटी तो मीच काढला आणि घडी घालून पिशवीत टाकला. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

पंचाईत झाली ती तोरणाची. देवीचे गुरव म्हातारे होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांनी डोकं खाजवत तोडगा काढला, "आक्का, काम व्हायच्या आदी नवस फेडल्याचं म्या तरी ऐकलं न्हाई. आता सोडून ठेवतो. काम झालं की परत बांदू."

"बांदलेलं सोडायचं न्हाई," आत्या म्हणाली. "देवीनं घेतलंय ते. आता तिचं काम हाय."

त्या वर्षी मी लेखी परीक्षेतच आपटलो. दोन ओळींचं कार्ड आलं. गावात मला नाव पडलं 'तोरणवाले'. पारावरून जाताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काय तोरणवाले, यंदा परत का?" मी मान खाली घालून पुढं जायचो.

दुसऱ्या वर्षी मी हट्टानं अभ्यासाला लागलो, आणि लोणावळ्याचा पाऊस माझ्या मागं लागला. तुंगार्लीला एका बंगल्याच्या आवारात मला खोली मिळाली होती. तिथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडं असं काही नसतं. धुकं खिडकीतून सरळ आत येऊन अंथरुणावर बसतं. काडेपेटी पेटत नाही, मीठ वाहून जातं, पुस्तकांवर पांढरी बुरशी चढते. शेगडीत निखारे घालून वर वेताची मोठी टोपली पालथी टाकायची आणि तिच्यावर कपडे वाळवायचे, ही तिथली रीत. मी गंजीफ्रॉकांच्या शेजारी माझ्या वह्या वाळत घालायचो. वह्यांना धुराचा वास लागायचा आणि शाई अशी पसरायची, की कालचं उत्तर आज वाचता येत नसे. पुण्याच्या मित्राकडून टिपणं मागून आणली होती, सोडवलेली उदाहरणं पाठ केली होती, मागच्या वर्षी ज्यांना घेतलं त्यांनी काय वाचलं ते पत्रं लिहून विचारलं होतं. जो जे सांगेल ते मी केलं. त्या वर्षी लेखी परीक्षा पास झालो आणि मुलाखतीत माझी दातखीळ बसली. समोरचा प्रश्न येत होता, तरी "सर, चुकलं तर माफ करा" एवढंच तोंडातून आलं. पुन्हा दोन ओळींचं कार्ड.

आता एकच संधी उरली होती. त्या संस्थेत तीनदाच बसू देत. हे मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचं भलं त्यांना त्याच्या आधी कळायचं. म्हणाले, "यंदा बी.टी.ला जा, शिक्षकाची पदवी घ्या, मी तुम्हाला कायम करतो. पुन्हा त्या परीक्षेची रजा मागितलीत, तर जागा दुसऱ्याला जाईल. सारखं सारखं आपटून घेऊन काय मिळतं तुम्हाला?" मी विचार करतो म्हटलं, आणि मनातून जवळजवळ कबूल झालो.

त्या रविवारी भर दुपारी मी विळा घेऊन गढीत गेलो. तोरण तसंच होतं. नारळ वाळून तपकिरी झाले होते, सुंभ काळं पडलं होतं. मी ते कापायला हात वर केला आणि मागून आत्याचा आवाज आला.

"काय करतुयास?"

"काढून टाकतो हे. लोक हसतात."

"तोरण तुजं हाय का?"

"माझ्यासाठीच बांधलंस ना?"

"तुज्यासाटी बांदलं, पर बांदलं म्या. ते माजं आन् तिचं हाय. तू नापास हो न्हाईतर पास हो, ते तुजं तू बग. ह्यात हात घालू नगंस." मग ती देवीकडं वळली, आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "आन् तुलाबी सांगते. घेताना न्हाई म्हनली न्हाईस. आता मागं सरायचं न्हाई."

माझा देवीवर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण देवासमोर उभं राहून जाब विचारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मी दोन वर्षं काय करत होतो? प्रश्नपत्रिकेपुढं, परीक्षकांपुढं, हेडमास्तरांपुढं, पारावरच्या रिकामटेकड्यांपुढंसुद्धा मी गयावया करत होतो. मला स्वतःचा भयंकर राग आला. तो राग पुढं वर्षभर माझ्या उपयोगी पडला, त्यामुळं त्याबद्दल मी आजवर वाईट वाटून घेतलेलं नाही.

सोमवारी शाळेत गेलो आणि हेडमास्तरांना म्हटलं, "सर, मी परीक्षेला बसणार. जागेचं तुम्ही ठरवा." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. वर्ष संपेपर्यंत शिकवा म्हणाले, पुढचं पुढं.

मग मी मागून आणलेली टिपणं पुण्याला परत पाठवली. एकच जाड पुस्तक ठेवलं, न सोडवलेल्या उदाहरणांचं. गणित सुटल्याशिवाय पान उलटायचं नाही, आणि कुणाला विचारायचं नाही. कागद ओला होतो ना? ठीक आहे, कागदच नको. बंगल्याचे मालक पावसाळ्यात फिरकत नसत. त्यांच्या व्हरांड्यात काळी शहाबादी फरशी होती आणि माळ्याची काही हरकत नव्हती. शाळेतले खडूचे तुकडे खिशात घालून आणायचो आणि पहाटे गुडघ्यांवर बसून फरशीवर गणितं मांडायचो. एका टोकाला सुरुवात केली की पायऱ्यांपर्यंत पोचायचो. चुकलं की ओल्या फडक्यानं पुसायचं आणि परत पहिल्या फरशीपासून. एक गणित तर सतरा दिवस पुसत होतो. माळी यायचा, कमरेवर हात ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "मास्तर, आज बी न्हाई का सुटलं?" मी म्हणायचो, "आज त्याची पाळी होती. उद्या माझी." गुडघ्यांना घट्टे पडले. अठराव्या दिवशी ते सुटलं, तेव्हा मी त्या रिकाम्या बंगल्यात एकटाच मोठ्यानं ओरडलो, आणि माळी बिचारा साप निघाला म्हणून काठी घेऊन धावत आला.

लेखी परीक्षा पुन्हा पास झालो. मुलाखतीत मागच्या वर्षीचेच तिघे परीक्षक बसले होते. मधल्या गृहस्थांनी कागद चाळले आणि विचारलं, "तिसरी वेळ?"

"हो," मी म्हटलं. "चौथ्यांदा येऊ देत नाही तुम्ही, नाहीतर तेव्हाही आलो असतो."

ते हसले की नाही, मी पाहिलंच नाही. मी फळ्याजवळ जाऊन खडू उचलला होता.

घरी आलो ते भातलावणीच्या दिवसांत. शाळेतली जागा गेली होती. निकालाची वाट बघत बसायला घरात कुणी दिलं नसतं, म्हणून खाचरात उतरलो. एका दुपारी गुडघाभर चिखलानं जेवायला आलो, तर आत्यानं नेहमीपेक्षा जास्त वाढलं. भाताबरोबर माशाचं कालवण होतं. मी जेवून, हात धुऊन उठलो. मग तांदळाच्या कणगीमागून तिनं एक पाकीट काढलं. फोडलेलं होतं.

"सकाळीच आलं. पोटभर जेवशील म्हून दिलं न्हाई," ती म्हणाली. "यंदाबी न्हाई झालं. फोटू न्हाई त्यात, शिक्का न्हाई, नुसता कागद. असू दे. पुढल्या साली परत बस. तोरण काय पळून जातंय व्हय?"

पुढचं साल नव्हतंच. ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. मी धोतराच्या सोग्याला हात पुसून कागद उघडला. टाइप केलेलं एकच पान. माझं नाव, हजर व्हायची तारीख, बरोबर आणायचे दाखले. मी ते दोनदा वाचलं आणि तिथंच चुलीपुढं बसून लहान पोरासारखा रडलो.

"रडतुयास कशापायी? पुढल्या साली—"

"आत्या, घेतलंय मला."

ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली. "मग फोटू कुटं हाय?"

"आता फोटो लागत नाही."

"सगळं उलटंच त्यांचं," ती म्हणाली.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तडक गढीकडं निघाली. मी चिखलाच्या पायांनी मागोमाग. आता ही देवीच्या पायांवर डोकं ठेवणार, आनंदानं रडणार असं मला वाटलं होतं. ती उंबऱ्याशी थांबली, वर तोरणाकडं एकदा पाहिलं आणि मग देवीकडं.

"लय येळ लावलास," ती म्हणाली.

एवढंच बोलून ती वळली आणि मला म्हणाली, "चल, खाचर निम्मं ऱ्हायलंय."