चावी बंद केली का?

पाथरीच्या बसस्टँडसमोर गोपीचंद सोडेवाल्याचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं. मधली भिंत इतकी पातळ, की त्यानं सोड्याची बाटली फोडली की इकडं ब्लाउज बेतताना माझी कात्री दचकते. यावरून मी त्याच्याशी इतक्या वेळा भांडले आहे, की आवाज आला नाही तर आता मलाच करमत नाही. घरंही आमची एकाच गल्लीत, भिंतीला भिंत. त्यामुळं या माणसापासून माझी सुटका कुठंच नाही.

गोपीचंदभाऊ मूळचा पोखर्णीचा. शेताचा तुकडा भावावर सोपवून इकडं आला आणि इथल्या मंदिरात दर्शनाला येणाऱ्या लोकांना लिंबू-सोडा पाजता पाजता त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं. बोलका, फुशारक्या मारणारा माणूस. "पाण्यात गॅस कसा कोंडायचा ते आपल्याला विचारा," हे ऐकवल्याशिवाय गिऱ्हाइकापुढं ग्लास सरकवायचा नाही. पण विसराळू एवढा, की एकदा ऐन गर्दीच्या आदल्या दिवशी दुकान बंद करताना सोड्याच्या गॅस सिलिंडरची चावी उघडीच ठेवून घरी आला. सगळा गॅस उडून गेला आणि दुसऱ्या दिवशी भाविकांना नुसतं लिंबूपाणी पाजायची पाळी आली.

त्याची एकुलती एक मुलगी अपेक्षा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. त्या दिवसापासून तिनं बापावर पहारा बसवला. हा संध्याकाळी उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून आवाज यायचा, "पप्पा, चावी बंद केली का?" आणि हा चपला काढता काढता ओरडायचा, "केली गं बाई, केली!" माझ्या स्वयंपाकघरात रोज ऐकू यायचं. पोरगी मोठी झाली, परभणीला बी.एस्सी.साठी एसटीनं ये-जा करायला लागली, तरी हे कधी चुकलं नाही.

कॉलेजातल्या कुण्या मॅडमच्या घरी तिनं पाण्याखाली वाढणारी झाडं पाहिली आणि तिला त्याचं वेड लागलं. समोरच्या खोलीत काचेची टाकी आली. तळाला माती, त्यावर बारीक वाळू, कडेनं लांब पात्यांचं गवत आणि मधोमध लाल पानांचं एक झाड. मासे चार-दोनच, तेही बोटाच्या पेराएवढे. प्रत्येक रोप तिनं कोपरापर्यंत हात बुडवून स्वतः लावलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

"अगं, लोक मासे पाळतेत आन् तू तण पाळायलीस," मी म्हटलं.

"मावशी, तुमच्या ब्लाउजच्या डिझाइनपेक्षा माझं तण बरं दिसायलंय," ती म्हणाली. फटकळ होती. सगळे म्हणायचे माझ्याच वळणावर गेली, आणि मला ते आवडायचं.

पण ते लाल झाड काही लाल राहीना. पानं मळकट पडायची. शोधाशोध करून तिनं काढलं, की या झाडांना पाण्यात गॅस मुरवून द्यावा लागतो. कोणता गॅस, तर बापाच्या सोड्यातला! गोपीचंदभाऊ त्या आठवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत होता, "मानसं ढेकर द्यायला पेतेत तो गॅस, आन् आमची पोरगी गवताला पाजायली!" पण सिलिंडर द्यायचं म्हटलं की काखा वर. सोड्याच्या गॅसचा जोर दांडगा, टाकीसाठी बारीक चावीचं रेग्युलेटर बाहेरून मागवावं लागणार, मग दसरा होऊ दे, मग बघू.

तिनं वाट पाहिली नाही. कोल्ड्रिंकची मोठी बाटली घेतली, तिच्यात गुळाचं पाणी ओतलं, बेकरीतून आणलेलं चिमूटभर खमीर टाकलं आणि झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी घट्ट बसवली. गूळ आंबायला लागला की गॅस सुटतो आणि नळीतून टाकीत जातो. नळीच्या मधल्या फुगीर भागात तिनं थोडं पाणी ठेवलं होतं. त्यातून एकेक बुडबुडा वर यायचा, त्यावरून किती गॅस चाललाय ते कळायचं. बाटलीचा जोर संपला की ती नवीन भरायची.

"फुकटात काम व्हायलंय की," बाप म्हणाला. मी तिच्या ड्रेसचं माप घ्यायला गेले होते, म्हणून हे माझ्यासमोरच झालं. "मंग सिलिंडर कामून पायजे?"

"पप्पा, बाटली तिच्या मनानं चालती. उन्हाळ्यात धडाधड, थंडीत मेल्यावानी. आन् ती बंद करता येत न्हाई. उजेड नसला की झाडं गॅस घेत न्हाईत, मंग तो पाण्यात साचतो आन् रातभर मासे तोंड वर करून घुसमटतेत. सिलिंडरला चावी असती. सांजच्याला बत्ती बंद, चावी बंद. समदे निवांत झोपतेत."

"तुला समद्या जगाच्या चाव्या बंद करायच्यात," बाप म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. दुसऱ्या दिवशी दुकानात मला हळूच सांगितलं, "रेग्युलेटर मागवलंय, पंकजाताई. तिला बोलू नका. वाढदिवसाला देतो."

पाऊस सरता सरता तिला ताप आला. आधी घरीच होती. समोरच्या खोलीत, टाकीशेजारी पलंग टाकला होता, म्हणजे पडल्या पडल्या तिला झाडं दिसतील. मग पेशी कमी झाल्या म्हणून परभणीला दवाखान्यात नेली. मी डबा घेऊन गेले तेव्हा हाताला सलाइन लावलेलं होतं. मला म्हणाली, "बगा मावशी, आपलीच नळी. टाकीत बुडबुडा वर जातो, हितं थेंब खाली येतो." गोपीचंदभाऊ स्टुलावर बसून त्या थेंबांकडं बघत होता.

अपेक्षा गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, कुणाचं काही चुकलं नाही. मला राग काढायला कुणीतरी लागतं आणि इथं कुणीच नव्हतं. मी घरी येऊन भांडी आपटली, मग त्याच भांड्यांच्या ढिगात बसून रडले. माझ्या पोटची नव्हती, पण सांगून काय उपयोग.

तिला शेवटचं समोरच्या खोलीतच ठेवलं होतं. सगळं उरकून माणसं परत आली, त्या जागेवर पीठ पसरून दिवा लावला. आमच्याकडं दहाव्यापर्यंत तो दिवा विझू देत नाहीत, घरातलं कुणीतरी तेल घालत जागं राहतं. गोपीचंदभाऊ दिव्याशेजारी बसला आणि त्याची नजर टाकीकडं गेली. नळीत बुडबुडे चालूच होते.

"बगा," तो सगळ्यांना म्हणाला, "तिनं भरलेली बाटली. आजूक चालू हाय."

त्यानं टाकीवरची बत्तीही दिव्यासारखीच धरली. रात्रंदिवस ती चालूच. लाइट गेली तर विझू नये म्हणून दुकानातला इन्व्हर्टर उचलून घरी आणला. सोड्याचं दुकान बंद, फळी लागलेली. विजयमाला, म्हणजे त्याची बायको, त्याच्यासमोर ताट ठेवायची. तो एक बुडबुडा बघायचा, एक घास घ्यायचा.

दहाव्याला त्याची आई गोजरबाई पोखर्णीहून आली. सगळे विधी झाले, म्हातारीनं हात जोडून दिवा शांत केला. मग टाकीकडं बोट दाखवून म्हणाली, "लेकरा, ही बी इझव आता. लय दिवस जळायली."

"आई, ही न्हाई," तो म्हणाला.

त्या अखंड उजेडानं टाकीचं वाटोळं झालं. बाटलीचा जोर उतरत चालला होता, झाडांना गॅस पुरेना आणि वर उजेड मात्र धो धो. काचेवर हिरवं शेवाळ चढलं, मग पानांवर केसांसारखे धागे. लाल झाड त्यात गुरफटून गेलं, खालची पानं कुजून सुटायला लागली. येणारे-जाणारे सल्ले द्यायचे. एक पाहुणा म्हणाला, टाकी देऊन टाका कुणाला, डोळ्यासमोर नको. त्याला मी चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

अशातच कुरिअरवाला आला. सोड्याचं दुकान बंद, म्हणून पुडकं माझ्याकडं देऊन गेला. रेग्युलेटर होतं. मी ते घेऊन त्याच्या घरी गेले आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"भाऊ, झाडं मरायलीत. तुमच्या दुकानात गॅस हाय, हे बी आलं. सिलिंडर लावा."

त्यानं पुडक्याला हात लावला नाही. "बाटली काडली तर तिच्या हातचं काय राहिलं, ताई?"

मी पुडकं तिथंच ठेवून घरी आले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी विजयमालाजवळ मेथी निवडत बसले होते. विजयमाला मुळातच अबोल, पोरगी गेल्यावर तर तिचा आवाजच ऐकला नव्हता. बाहेरच्या खोलीतून गोपीचंदभाऊनं हाक मारली, "पंकजाताई, जरा बगा. बुडबुडा यायलाय का?"

आम्ही दोघी दारात गेलो. तो गुडघ्यावर बसून बाटली दोन्ही हातांत धरून हळूहळू हलवत होता, झोपलेल्याला उठवावं तसा. नळीतलं पाणी स्थिर होतं. त्यानं पुन्हा हलवली, कान लावला, पुन्हा नळीकडं पाहिलं. मला ते बघवेना.

विजयमालानं पदराला हात पुसले.

"ती बाटली म्या भरलीय," ती म्हणाली.

त्यानं बाटली हलवायची थांबवली.

"तिला तापात उठवत नव्हतं. पलंगावरून सांगायली, मम्मी, गूळ इतका, पानी इतकं, खमीर चिमूटभर. म्या भरली. झाकण बी म्याच लावलं. तिनं हात लावला न्हाई."

"मंग इतके दिवस बोलली कामून न्हाईस?"

"तुमी त्या बाटलीकडं बगून चार घास खात होतात, म्हणून."

बाटली त्याच्या हातातच होती. तो बारीक आवाजात म्हणाला, "मंग तिच्या हातचं काय हाय घरात?"

विजयमालानं टाकीकडं बोट केलं. "ते झाड. ते तिनं लावलं, म्या शपथेवर सांगते. आन् तुमी ते मारायलाव." एवढं बोलून ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. पोरगी गेल्यापासून नवऱ्यासमोर ती पहिल्यांदा रडली. मी तिला धरून बसले.

गोपीचंदभाऊ उठला आणि अनवाणी बाहेर निघून गेला. माझ्या मनात नको नको ते आलं. मी मागं जाणार, तेवढ्यात तो गल्लीच्या टोकाला दिसला. दुकानातलं सिलिंडर हातगाड्यावर टाकून ढकलत आणत होता, तोंड घामानं आणि आसवांनी भिजलेलं.

पुढचं काम त्याच्या हातातलं होतं. पुडकं फोडलं, रेग्युलेटर बसवलं, साबणाचं पाणी लावून गळती बघितली आणि बारीक चावी नखभर फिरवली. नळीत बुडबुडे सुरू झाले, एकसारखे, न थकता. मग त्यानं बाही वर केली आणि टाकीत हात घातला. आजवर तिनं कुणाला घालू दिला नव्हता. पानापानावरचे हिरवे धागे सोडवता सोडवता तो हुंदके देत होता. कुजलेली पानं त्याच्या बोटांत येत होती, आणि ती टाकून देणं त्याच्यानं होत नव्हतं. विजयमालानं त्याच्या हातातून घेतली. बाटलीतलं आंबलेलं पाणी परसातल्या पेरूच्या बुडाशी ओतलं, बाटली विसळून पालथी घातली.

संध्याकाळ झाली. विजयमालानं देवापुढं दिवा लावला. गोपीचंदभाऊ टाकीपाशी उभा होता, एक हात बत्तीच्या बटणावर. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं बटण दाबलं, वाकून चावी फिरवली. खोलीत अंधार पडला. शेवटचा बुडबुडा वर गेला आणि नळी थांबली. देवाजवळच्या दिव्याच्या उजेडात मासे तेवढे हलताना दिसत होते.

तो तिथंच घुटमळला. आतल्या दाराकडं तोंड करून उभा राहिला, कान दिल्यासारखा. पण आतून आवाज येणार नव्हता.

आता दुकान पुन्हा उघडलंय. तो गिऱ्हाइकांशी जेवढ्यास तेवढं बोलतो, फुशारक्या बंद झाल्यात. टाकीतलं झाड वाचलं. लाल असं लाल झालंय, की ती असती तर सगळ्या गल्लीला ओढत नेऊन दाखवलं असतं. तिनं पाहिलेली पानं मात्र सगळी गळाली. आत्ता आहेत ती नंतर फुटलेली, ती तिला माहीतच नाहीत.

रोज संध्याकाळी मी भाकरी थापत असते. तो घरी येतो, चपला वाजतात, टाकीवरच्या बत्तीचं बटण वाजतं. मग तो वाकून चावी फिरवत असणार. त्याला विचारणारं घरात कुणी नाही. तरी भिंतीपलीकडून तो मोठ्यानं सांगतो, "केली गं बाई, केली!"